ह्मोंग मुलं, अमेरिकेतल्या शाळा आणि 'एशियन' नावाचा एकच रकाना

शिशिरा_एमएन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच. मी मिनेसोटात सेंट पॉलच्या पूर्वेला एका सबर्बात राहते, नोकरी आयटीतली. तीन वर्षांपासून आठवड्यातून एक संध्याकाळ शहरातल्या ईस्टसाइडच्या एका लायब्ररीत मुलांना होमवर्कला मदत करायला जाते. येणारी निम्म्याहून जास्त मुलं ह्मोंग असतात. शांत, कामसू, आणि नाव विचारलं की मान खाली घालून सांगणारी.

झालं असं की मागच्या महिन्यात माझ्या मुलाच्या शाळेचा रिपोर्ट आला, त्यात वाचनाच्या निकालाचे गटवार खांब होते आणि 'एशियन' हा खांब सगळ्यात उंच. दोन दिवसांनी लायब्ररीतल्या एका मुलाने त्याच्या शाळेचा तसाच कागद दाखवला, तिथे 'एशियन' खांब तळाशी. दोन्हीकडे शब्द तोच. मी गाडीत बसून बराच वेळ विचार करत राहिले की राज्याची सरासरी काढतात तेव्हा हे दोन खांब एकात एक मिसळतात आणि वर येते ती बेरीज बघून सगळे म्हणतात एशियन मुलं छान चाललीयत. म्हणजे माझ्या मुलाचे मार्क त्या मुलावर पांघरूण घालतायत. माझ्या मुलाने काही वाईट केलेलं नाही, पण होतंय ते असंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ह्मोंग मूळचे दक्षिण चीनमधले, तिथून लाओस, व्हिएतनाम, थायलंडच्या डोंगरात पसरलेले. १९६० च्या दशकात सीआयएने लाओसमध्ये गुपचूप युद्ध चालवलं त्यात ह्मोंग जनरल वांग पाओच्या हाताखाली लढले ते मुख्यतः हेच लोक, शाळेच्या वयाची पोरंसुद्धा बंदूक घेऊन. मे १९७५ मध्ये लाँग चेंगच्या तळावरून अमेरिकन विमानांनी अधिकारी आणि त्यांची कुटुंबं काढली, बाकीचे मागे राहिले. मग जंगलातून चालत, रात्री मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत. बान विनाई ही त्यातली मोठी छावणी, मुलं तिथेच जन्मली, तिथेच वाढली. शेवटचा मोठा लोंढा २००४ पासून वाट थाम क्राबोक या थायलंडमधल्या बौद्ध मठाजवळच्या वस्तीतून आला, जवळपास १५ हजार माणसं, त्यातली खूपशी इथे सेंट पॉललाच.

आपण इथे आलो ते डिग्री घेऊन, व्हिसाच्या चाळणीतून गाळून. ते आले ते जीव वाचवून. २००० च्या जनगणनेत २५ वर्षांवरच्या ह्मोंग लोकांपैकी साधारण ४५ टक्के कधीच शाळेत गेलेले नव्हते. आणि आपल्यात? भारतीयांत चारातले जवळपास तीन पदवीधर, ह्मोंगांत आजही चारातला एक जेमतेम. तरी रकाना एकच.

मला सगळ्यात टोचते ती एक मुलगी. सातवीत आहे, जन्म सेंट पॉलचा, इंग्लिश माझ्यापेक्षा अस्सल मिनेसोटन, आणि अजून ती शाळेत 'इंग्लिश लर्नर', म्हणजे इंग्लिश पुरतं न येणारी अशी नोंद. किंडरगार्टनपासून. त्यावर सविस्तर लिहीन, आधी इथे कोणाला अनुभव आहे का ते सांगा.

मंदार_जर्सी

चांगला विषय. पण स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आपल्याही घरी मराठीच बोलतात की, माझी मुलगी प्रीस्कूलला गेली तेव्हा तिला इंग्लिशचे दोन शब्द येत नव्हते, सहा महिन्यांत फडाफड बोलायला लागली. मग तिकडे सात-आठ वर्षं का लागतात? घरच्या वातावरणाचा आणि मेहनतीचा काहीच भाग नाही का?

शिशिरा_एमएन

मंदार, राग कसला, मी पण पहिल्या वर्षी हेच म्हणत होते. एक सांगा, शाळेत नाव घालताना एक फॉर्म असतो ना, घरी कोणती भाषा बोलता, मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकलं, त्यात तुम्ही काय लिहिलंत?

मंदार_जर्सी

इंग्लिश. एका मित्राने आधीच सांगून ठेवलेलं की मराठी लिहू नकोस, उगाच ईएसएलला, म्हणजे इंग्लिश न येणाऱ्यांच्या वर्गाला टाकतात.

शिशिरा_एमएन

तेच. आम्हालाही असंच कोणीतरी सांगितलं होतं. ह्मोंग घरात हे सांगणारं कोणी नव्हतं. आईबाप प्रामाणिकपणे 'ह्मोंग' लिहितात (आणि लिहिलंच पाहिजे, खरं तेच आहे), मग मुलाची इंग्लिशची चाचणी होते, पाच वर्षांचं मूल अनोळखी बाईसमोर बोलत नाही, आणि शिक्का बसतो. मग तो काढायचा तर दर वर्षी हिवाळ्यात ॲक्सेस नावाची परीक्षा, ऐकणं बोलणं वाचणं लिहिणं असे चार भाग, १ ते ६ गुण. या मुलांचं बोलणं-ऐकणं पटकन वर जातं, वाचन-लेखन अडकतं. आणि अडकतं ते परीक्षेतल्या पुस्तकी इंग्लिशवर, 'दोन्ही आकृत्यांची तुलना करून निष्कर्ष लिहा' असल्या भाषेवर. माझ्या मुलाला ती भाषा घरातून मिळते, जेवताना आम्ही काहीतरी वाद घालत असतो, घरात पुस्तकं आहेत. तिच्या आईला स्वतःच्या भाषेतही वाचता येत नाही.

शिक्का नुसता कागदावर असता तरी चाललं असतं. पण त्यासाठी रोज एक तास काढतात, प्राथमिकमध्ये वर्गातून उठवून नेतात, मिडल स्कूलमध्ये तो तास इलेक्टिव्हच्या, म्हणजे आवडीने निवडायच्या विषयाच्या जागी बसतो. या मुलीला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचंय, तिच्या टाइमटेबलमध्ये जागाच नाही. ॲडव्हान्स गणिताचंही तेच. म्हणजे मदत म्हणून सुरू केलेली गोष्ट हळूहळू कुंपण होते. मदत नकोच असं मी म्हणत नाहीये, १९७४ च्या लाउ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून तर भाषा न येणाऱ्या मुलांना मदत देणं शाळांवर बंधनकारक झालं, ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांनी लढून मिळवलेलं आहे. पण छावणीतून कालच आलेल्या मुलाला लागणारी मदत आणि इथेच जन्मलेल्या सातवीतल्या मुलीला लागणारी मदत एक कशी असेल?

आणि वाईट वाटतं ते याचं की तिला ह्मोंगही धड येत नाही आता. आजीशी बोलताना अडखळते. आपल्या मुलांना मराठी येतं म्हणून रविवारच्या शाळेत टाळ्या वाजतात, तिची भाषा मात्र तिच्या फाइलमध्ये अडचण म्हणून नोंदलेली.

ध्वनीचा_अभ्यासक

भाषेच्या अंगाने थोडी भर घालतो. ह्मोंग सुरांची भाषा आहे, आठ सूर मानतात, सूर बदलला की शब्द बदलला. १९५० च्या सुरुवातीला लुआंग प्रबांगमध्ये मिशनऱ्यांनी तिच्यासाठी रोमन लिपी बसवली. त्यात शेवटचं अक्षर उच्चारायचंच नसतं, ते सूर दाखवतं. 'ह्मोंग' हा शब्द त्या लिपीत लिहिला की शेवटी बी येतो आणि तो बी म्हणजे फक्त वरचा सूर. तर आजोबांकडून किंवा चर्चमधून ही लिपी शिकलेलं मूल तीच रोमन अक्षरं इंग्लिशमध्ये वाचतं तेव्हा काय गोंधळ होत असेल बघा. त्यात ह्मोंग शब्दांच्या शेवटी अनुनासिक सोडला तर व्यंजन येतच नाही. इंग्लिशमध्ये अनेकवचनाचा एस, भूतकाळाचा ईडी सगळं शेवटीच चिकटलेलं. आणि ह्मोंगमध्ये काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, 'काल' म्हटलं की काल झालं. घरात मोठ्यांचं इंग्लिश तसंच ऐकलेलं मूल 'यस्टर्डे ही गो' लिहितं, शिक्षक लाल पेनाने गोल करतात आणि मुलाला कळत नाही की चुकलं काय.

अवांतर: नावातला 'ह्म' आपल्या 'म्हैस'मधल्या म्ह चा शेजारी आहे, फक्त घोष नाही, म्हणजे गळ्यात कंप होत नाही. आपल्याला प्रयत्नाने जमेल. अमेरिकन लोक सरळ 'मोंग' म्हणतात. आणि तो ह सुद्धा सगळ्या ह्मोंगांचा नाही, पांढरे आणि हिरवे असे त्यांचे दोन गट, त्यातल्या पांढऱ्या ह्मोंगांच्या बोलीत आहे, हिरव्यांच्या बोलीत नाही.

शिशिरा_एमएन

खूप धन्यवाद, हे मला कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. शेवटचा एस खाणारी मुलं मी रोज बघते आणि मला वाटायचं घाई करतात.

गौरी_फ्रेस्नो

शिशिराताई, मी फ्रेस्नोत प्राथमिकला शिकवते, अकरा वर्षं झाली, इथेही ह्मोंग वस्ती मोठी आहे. २०१२ मध्ये तर इथल्या एका नव्या प्राथमिक शाळेला वांग पाओचं नाव दिलं. मी पालकांबद्दल लिहिते कारण स्टाफरूममध्ये सर्रास ऐकलेलं वाक्य म्हणजे 'या पालकांना काही पडलेलीच नाही'.

पॅरेंट-टीचर कॉन्फरन्सला आई येते, हात जोडल्यासारखी बसते, मी जे म्हणेन त्याला मान डोलावते, एक प्रश्न विचारत नाही. आधी मलाही वाटायचं की हिला कळलं नाही किंवा इंटरेस्ट नाही. मग आमच्या एका ह्मोंग मदतनीस बाईंनी समजावलं की अगं शिक्षक म्हणजे ज्याला कळतं तो, मूल तुझ्या ताब्यात दिलं आता तुझ्या कामात लुडबुड करणं म्हणजे तुझा अपमान. हे ऐकल्यावर मला माझी आजी आठवली, ती बाबांच्या मास्तरांना म्हणायची की पोरगं तुमच्या हवाली, हाडं माझी मांस तुमचं. आजी बेफिकीर नव्हती. पण अमेरिकन शाळेत चांगला पालक म्हणजे ईमेल करणारा, पीटीएत (पालक-शिक्षक संघात) येणारा, वर्गात व्हॉलंटियर करणारा. जो गप्प बसला तो गैरहजर.

आणि दुभाषे. शाळेने द्यायला हवेत, पण प्रत्यक्षात ऐन वेळी मिळत नाहीत आणि मग मोठ्या बहिणीला बोलावतात. एका कॉन्फरन्सला नऊ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच तक्रारी आईला सांगत होता, मी तीन मिनिटं बोलले, त्याने अर्ध्या वाक्यात आटपलं, आई हसली. मी त्याला दोष देऊच शकत नाही. नऊ वर्षांच्या पोराला आम्ही कुठे बसवलं होतं? त्या दिवसापासून दुभाष्या नसेल तर मी मीटिंग पुढे ढकलते, ऑफिसने कितीही कुरकुर केली तरी.

शेतीचंही सांगते. इथे आजूबाजूला कितीतरी ह्मोंग कुटुंबांची छोटी छोटी शेतं आहेत, लेमनग्रास, चेरी टोमॅटो, चवळीसारख्या लांब शेंगा. मुलं शाळा सुटली की शेतात, शनिवार-रविवार बाजारात. हिशोबात मुलं एकदम तयार, सुट्टे पैसे तोंडी काढतात, आणि तीच मुलं शाब्दिक गणितात नापास. कारण गणित इंग्लिशमध्ये आहे.

मंदार_जर्सी

गौरी, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो जरा. नऊ वर्षांचं ते पोरगं डोळ्यासमोरून जात नाही. तरीपण एक प्रश्न राहतोच. मुलींची लहान वयात लग्नं, मुलीनेच घरचं सगळं करायचं, हे मी वाचलंय. याला शाळा काय करणार?

शिशिरा_एमएन

खरंय, तो भाग आहे आणि झाकण्यात अर्थ नाही. १९८०-९० च्या दशकात हायस्कूलमध्येच लग्न झालेल्या मुली होत्या, त्यातल्या काही आज पन्नाशीच्या बायका मला लायब्ररीत भेटतात, नातवंडांना घेऊन येतात. त्यातली एक म्हणाली की मी लग्नानंतर पण हायस्कूलचा डिप्लोमा पूर्ण केला, बाळ सासूकडे ठेवून. आता ते प्रमाण पुष्कळ खाली आलंय आणि माझ्या बघण्यात तरी कॉलेजला जाणाऱ्यांत मुलीच जास्त आहेत. थोरल्या मुलीवर भात लावणं, धाकट्यांना बघणं, आईला डॉक्टरकडे नेऊन दुभाष्याचं काम करणं हे अजून आहे. पण शाळेला ते कधी दिसतच नाही, दिसतं ते फक्त 'होमवर्क अपूर्ण'.

मुलग्यांचं वेगळंच. तीन-चार ह्मोंग मुलं एकत्र उभी राहिली की गँग. ९० च्या दशकात तो शिक्का बसला तो अजून पुरता गेलेला नाही. शांत बसला तर एशियन म्हणून हुशार असणार, मदत नको, आणि आवाज केला तर गुंड. मधे साधा मुलगा म्हणून राहायला जागा नाही.

अजून एक, अंत्यविधी. ह्मोंग अंत्यविधी तीन-चार दिवस चालतो, बहुधा शुक्रवार ते सोमवार, रात्रंदिवस केंग वाजवतात, तो बांबूच्या नळ्यांचा वाद्यप्रकार आहे, आणि आत्म्याला जन्माच्या गावापर्यंत परत जायचा रस्ता गाऊन सांगतात. कुळातल्या प्रत्येकाला काम असतं. अठराच्या आसपास कुळं आणि आडनाव कुळाचं, त्यामुळे वर्गात पाच वांग आणि चार शियाँग, त्यातही नात्यातलं कोणी कोणाचं नसेल किंवा एखादा चुलतभाऊ निघेल. मुलगा सोमवारी आला नाही की गैरहजर. कारण विचारलं तर 'आजोबा गेले' म्हणतो, दोन महिन्यांनी परत 'आजोबा गेले', शिक्षकाला वाटतं हा खोटं बोलतोय. आजोबांच्या भावालाही आजोबाच म्हणतात, हे आपल्याला लगेच कळतं ना? आपण पण तसंच म्हणतो.

रोहित_वॉसॉ

मी विस्कॉन्सिनमधल्या वॉसॉला नऊ वर्षं काढली, इन्शुरन्समधल्या नोकरीमुळे. हे गाव म्हणजे या विषयाचा अख्खा धडा आहे. ७० च्या दशकाच्या शेवटी चर्चवाल्यांनी काही ह्मोंग कुटुंबांना स्पॉन्सर केलं, मग भाऊबंद येत गेले. ९० च्या सुरुवातीला काही प्राथमिक शाळांत ह्मोंग मुलं निम्म्याहून जास्त आणि दोन मैलांवरच्या शाळांत जवळजवळ सगळी गोरी. १९९३ मध्ये गावाच्या शाळा चालवणाऱ्या बोर्डाने शाळांच्या जोड्या लावून मुलांना बसने इकडून तिकडे न्यायची योजना केली. गावात इतका भडका उडाला की डिसेंबरमध्ये रिकॉल निवडणूक (मुदतीआधीच पदावरून काढायची) घेऊन योजनेच्या बाजूच्या बोर्ड मेंबरांना घरी पाठवलं. माझ्या ऑफिसातला एक ह्मोंग सहकारी तेव्हा दुसरीत होता. त्याला राजकारण काही कळत नव्हतं, इतकंच आठवतं की बसस्टॉपवर मोठी माणसं रागाने बघायची आणि त्याला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलंय.

त्याच वॉसॉत एप्रिल २०२४ मध्ये गव्हर्नर एव्हर्स यांनी कायद्यावर सही केली, विस्कॉन्सिनच्या शाळांत आता एशियन अमेरिकन आणि ह्मोंग अमेरिकन इतिहास शिकवायचा, ह्मोंगांचं नाव कायद्यात वेगळं लिहिलंय. हा सहकारी त्या दिवशी रजा टाकून गेला होता. म्हणाला, शाळेत व्हिएतनाम युद्धाचा धडा दोन पानांचा होता, बाबांच्या पायात गोळीची खूण होती आणि पुस्तकात लाओस हा शब्द एकदा. वर्गातली मुलं विचारायची तू चायनीज का जपानी, आणि त्याच्याकडे एका वाक्यात द्यायला उत्तरच नव्हतं.

सुनंदा_मावशी

सगळे प्रतिसाद वाचले. मी मेळघाटात आश्रमशाळेत २६ वर्षं शिकवलं, आता अमरावतीला असते. कोरकू मुलं पहिलीत यायची, घरी कोरकू, पुस्तक मराठीत, आणि मला कोरकू येत नव्हतं. पहिली दोन वर्षं मी त्यांना मंद समजले. हे लिहिताना आजही जीव कळवळतो. मग मी एका आजीकडून कोरकू शिकले, नीट नाही, मोडकंतोडकं, पण मी चुकले की पोरं हसायची आणि हसली की बोलायला लागायची. शिशिरा, तू त्या मुलीची भाषा थोडी शिकतेस का गं?

शिशिरा_एमएन

मावशी, प्रश्न बरोबर वर्मी लागला. तीन वर्षांत मी फक्त 'न्यो झोंग' म्हणजे नमस्कार आणि 'उआ त्साऊ' म्हणजे थँक्यू एवढंच शिकलेय, तेही सुरात नाही. आता शिकते.

आदित्य_पी

मग उपाय काय चालू आहेत तिकडे? चार्टर शाळांबद्दल ऐकलंय, पण फक्त ह्मोंग मुलांची शाळा म्हणजे परत वेगळं काढल्यासारखं नाही का?

शिशिरा_एमएन

आदित्य, मलाही आधी तसंच वाटलं होतं. सेंट पॉलला २००० पासून ह्मोंग लोकांनी स्वतः काढलेल्या चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आहेत आणि त्यांना गर्दी आहे. मग सरकारी शाळांनीही ह्मोंग भाषेचे वर्ग सुरू केले, दोन्ही भाषांत शिकवणारे, मुलं टिकवायला. एका आईला विचारलं की का घातलं तिथे, तर म्हणाली तिथे कोणी नाव चुकीचं घेत नाही. यावर मी काय वाद घालणार? शाळा चांगली की वाईट हे एकेक शाळा बघून ठरवावं लागेल, सगळ्या चांगल्या चालल्या असं नाही. पण शाळेत घुसल्यावर ऑफिसातली बाई तुमच्या भाषेत बोलते याचं मोल ज्याला ते कायम मिळालंय त्याला कळणार नाही.

२००४ ला वाट थाम क्राबोकची मुलं आली तेव्हा इथल्या शालेय जिल्ह्याने त्यांच्यासाठी वेगळी भाषा केंद्रं काढली होती, थेट वयाप्रमाणे नववीत ढकलून दिलं नाही, ते मला योग्य वाटतं. सोळा वर्षांचा मुलगा ज्याने कधी बाकावर बसून लिहिलेलं नाही त्याला बीजगणिताच्या वर्गात बसवणं म्हणजे त्याला घरी पाठवण्यासारखंच आहे. २०१४ मध्ये मिनेसोटाने कायदा करून शिक्षण खंडित झालेल्या अशा मुलांची वेगळी नोंद घ्यायला लावली, आणि इंग्लिशबरोबर घरची भाषा उत्तम येणाऱ्यांना डिप्लोमावर सील, म्हणजे दोन भाषा येतात असा मानाचा शिक्का, द्यायला सुरुवात केली. ह्मोंग मुलंही ते मिळवतात.

आणि तो रकाना. २०१६ मध्ये इथे कायदा झाला की शाळांचे आकडे गटांची फोड करून दाखवायचे, एशियन म्हणजे नेमके कोण, ह्मोंग, म्यानमारकडचे कारेन, भारतीय, व्हिएतनामी. यासाठी ह्मोंग तरुण मुलंमुली कॅपिटॉलला, म्हणजे राज्याच्या विधानभवनाला, खेटे घालत होती. आपल्यातलं कोणी होतं का? मी तर नव्हते, मला तेव्हा या विषयाचा पत्ताच नव्हता. आता शाळेचा फॉर्म येतो त्यात उपगटाचा प्रश्न ऐच्छिक असतो आणि आपल्यातले बरेच जण तो रिकामा सोडतात, कशाला द्यायची माहिती म्हणून. कृपा करून भरा. आपण वेगळे मोजले गेलो तरच ते वेगळे दिसतील.

मंदार_जर्सी

आमच्याकडे असा उपप्रश्न येतो का ते बघतो. आणि बायकोशी बोललो, पुढच्या वर्षी धाकट्याच्या फॉर्मवर खरं ते लिहिणार.

गौरी_फ्रेस्नो

मंदार, लिहा, आणि चाचणीला बोलावलं तर घाबरू नका, इंग्लिश येत असेल तर मूल पास होतं आणि विषय संपतो.

नेहा_वुडबरी

शिशिरा, मी तुझ्यापासून दहा मिनिटांवर राहते गं. मला पण यायचंय लायब्ररीत. शनिवारी जमेल, चालेल का? गणित शिकवू शकते, सहावी ते दहावी.

शिशिरा_एमएन

नेहा, नक्की ये! फक्त शनिवार नको, शनिवारी सगळी मुलं आईबापांबरोबर पहाटेपासून फार्मर्स मार्केटला असतात, ऑक्टोबर संपेपर्यंत कोणी फिरकत नाही. मंगळवारी साडेचारला ये. त्या सातवीतल्या मुलीचं रेशो-प्रपोर्शन चालू आहे, आकडेमोड येते तिला, गणिताचं वाक्य वाचताना अडते, तर तिच्या शेजारी बसून मोठ्याने वाचायचं. व्यक्तिनिरोप करते, पत्ता तिथे देते.